साइट जुळवताना

आमच्या घरात ‘साइट’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत. नवरा बांधकामाची कामं घेतो. कसबा बावड्याच्या कडेनं उसाच्या रानात जी नवी घरं उठतायत, त्यातली काही त्याच्या हातची. तो “साइटवर चाललोय” म्हणाला की डबा भरायचा. मी “साइट बिघडलीय” म्हणाले की घरच्यांनी समजायचं, हिच्या धनुष्याचं काहीतरी झालंय आणि आज हिच्याशी बेतानंच बोललेलं बरं.

धनुष्य माझ्याकडं मुलीमुळं आलं. ती शाळेत असताना तिरंदाजी शिकायला जायची आणि मी तिला स्कूटरवरून सोडायला जायचे. गावाबाहेर, साखर कारखान्याच्या वाटेवर एक मोकळी जागा आहे. तिथं मागं मातीचा उंच बांध आणि बांधापुढं टार्गेटं. मी तास दीड तास कट्ट्यावर बसून राहायचे. शिकवणारे सर सैन्यातून निवृत्त झालेले, मूळचे शाहूवाडीकडचे. रमजानात ते सराव सकाळी उरकून घ्यायचे, एरवी संध्याकाळी. एक दिवस ते माझ्यासमोर येऊन म्हणाले, “ताई, रोज बसून कट्टा झिजवताय. उठा, धरून तर बघा.”

उठले. मुलगी बारावीनंतर नर्सिंगला पुण्याला गेली, तिचं धनुष्य सुटलं. मी मात्र राहिले. दिवसा दूध संघाच्या कचेरीत संगणकावर काम आणि सुटलं की मैदान. चाळिशी उलटलेली बाई, अंगात पंजाबी ड्रेस, कमरेला बाणांचा भाता. सुरुवातीला ट्रॅक्टरवाले वळून बघायचे. पुढं त्यांनाही सवय झाली.

माझं धनुष्य कंपाउंड प्रकारचं आहे. त्याच्या दोन्ही टोकांना चाकं असतात. दोरी ओढताना आधी पुष्कळ जोर लागतो, पण पूर्ण ओढली की चाकं फिरून भार एकदम हलका होतो आणि मग माणसाला शांतपणे नेम धरता येतो. दोरीतच डोळ्यासमोर येईल असं बारीक भोक असलेलं एक कडं बसवलेलं असतं, त्याला पीप म्हणतात. पुढं दांडीवर साइट. म्हणजे एक गोल भिंग, भिंगाच्या मधोमध एक ठिपका, आणि भिंगाच्या खालच्या कडेला इवलीशी पाणसळ. गवंड्याच्या पाणसळीत असतो तसा तिच्यात बुडबुडा. पीपमधून भिंग बघायचं, ठिपका टार्गेटच्या मधल्या पिवळ्या गोलावर ठेवायचा, बुडबुडा मध्यावर आहे ना हे बघायचं आणि बाण सोडायचा. साइटला दोन स्क्रू असतात. एकानं ती वरखाली होते, दुसऱ्यानं डावी-उजवीकडं.

नव्या माणसाचा इथंच गोंधळ होतो. बाण डावीकडं लागले की वाटतं, साइट उजवीकडं सारावी. खरं उलट आहे. बाण जिकडं जातो तिकडंच साइट न्यायची. साइट डावीकडं नेली की ठिपका पिवळ्यावर आणण्यासाठी आपण सगळं धनुष्यच उजवीकडं वळवतो, आणि बाण मध्यावर येतो. हे मला समजायला महिना गेला होता.

सरांचा आणखी एक नियम होता, तो ते सगळ्यांना सांगायचे. “बाण एका जागी झोंबून बसलेत, पण जागा चुकलीय, तर साइट हलवा. बाण इकडं-तिकडं फुटलेत, तर साइटला हात लावायचा न्हाई. मग दोष साइटचा न्हवं.”

त्या वर्षी दिवाळी झाली, कारखान्याचा हंगाम सुरू झाला. मैदानावर मळीचा वास येऊ लागला आणि रस्त्यानं उसाच्या गाड्यांची रांग लागली. चिमणीच्या धुरावरून आम्हाला वारा कळायचा. जिल्ह्याची खुली स्पर्धा दोन-अडीच महिन्यांवर आली होती आणि मी पहिल्यांदाच नाव द्यायचं ठरवलं होतं. पन्नास मीटरवर माझे बाण तेव्हा चांगले बसायला लागले होते. सगळेच पिवळ्यात नसायचे, पण पिवळ्याच्या आसपास एकमेकांना धरून असायचे.

आणि मग ते फुटायला लागले.

आधी एखादा बाण पिवळ्याभोवतीच्या तांबड्या पट्ट्याच्याही बाहेर, निळ्यात जायचा. मला वाटलं, वारा असेल. पण चिमणीचा धूर सरळ वर चाललेला. मग दोन-दोन जायला लागले, एक डावीकडं तर एक उजवीकडं. सर माझ्या मागं उभे राहून बघायचे.

“मूठ आवळताय तुमी.”

“नाही सर, सैलच आहे.”

“मग सोडताना मनगट वळतंय. कायतरी हाय.”

मी मूठ सैल केली, मनगटाकडं लक्ष दिलं. फरक पडेना. मला मनातून खात्री होती की बिघाड साइटचाच आहे, कारण ठिपका मला पहिल्यासारखा स्वच्छ दिसत नव्हता. कधी तो पुसट व्हायचा, कधी जागचा जरासा सरकल्यासारखा वाटायचा. भिंग पुसलं. ठिपका खरवडून नवा चिकटवला. दांडीचे सगळे स्क्रू किल्लीनं आवळले, कारण एखादा ढिला स्क्रू बाणागणिक हादऱ्यानं सरकतो. पीप दोरीत फिरलंय का तपासलं. मग सगळं पहिल्यापासून केलं. टार्गेटच्या अगदी जवळ जाऊन उभी राहिले, तिथून बाण मारले, साइट जुळवली, आणि मागं-मागं सरकत पन्नासपर्यंत आले. जवळून सगळं ठीक वाटायचं. लांब आले की बाण पुन्हा फुटायचे. मी डावीकडच्या बाणासाठी साइट डावीकडं न्यायचे आणि पुढचा बाण उजवीकडं जायचा. सरांचा नियम पाठ असूनही माझा हात स्क्रूवरून निघेना.

मैदानावर कॉलेजातली एक मुलगी यायची. उंची माझ्याएवढीच, त्यामुळं माझं धनुष्य तिला चालण्यासारखं. तीही त्याच स्पर्धेची तयारी करत होती. माझी ती खटपट बघून एक दिवस म्हणाली, “काकू, मी मारून बघू काय एकदा? उगं त्या साइटचं डोकं खाताय.”

तिनं माझ्या धनुष्यानं बाण मारले. सगळे एका तळहातात मावतील असे बसले. पिवळ्याच्या जरा डाव्या बाजूला, पण एका ठिकाणी.

“कायबी झालं न्हाई ह्याला,” ती म्हणाली आणि धनुष्य माझ्या हातात दिलं.

मला बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. मी घरी येताना मनाशी म्हणत होते, हिचं मनगट कललेलं असणार आणि माझं भिंगही कललेलं असणार, म्हणून हिचं जमलं. भिंग दांडीवर जरा तिरकं बसलं असेल तर पाणसळ खोटं सांगते. धनुष्य सरळ आहे असं वाटतं आणि ते कललेलं असतं. एवढी एकच गोष्ट तपासायची राहिली होती. त्यासाठी ओळंबा लागतो, आणि ओळंबा आमच्या घरात कायम असतो.

तो रविवार होता. दुपारची जेवणं झाली होती. सासूबाई, त्यांना आम्ही आत्ती म्हणतो, आतल्या खोलीत पडल्या होत्या. मी नवऱ्याच्या हत्यारांच्या पिशवीतून ओळंबा काढला आणि दाराच्या चौकटीला तोरणाचा खिळा होता त्याला टांगला. टेबलाला शिकंजा आवळून त्यात धनुष्य उभं धरलं. धनुष्याची दोरी आणि ओळंब्याचा दोरा एका रेषेत आणायचे, मग पाणसळीतला बुडबुडा मध्यावर आहे का बघायचं, नसला तर भिंगाचा स्क्रू सैल करून तो मध्यावर आणायचा. एवढंच काम.

ओळंब्याचं पितळी वजन हलायचं थांबलं. नेम धरायच्या सवयीनं मी डावा डोळा मिटला आणि उजव्यानं बघितलं.

दोरा वरून सरळ खाली येत होता. मधे एका ठिकाणी चिमटीत धरून ओढावा तसा तो आत गेला होता, आणि पुन्हा सरळ खाली. मला वाटलं, दोऱ्याला पीळ पडलाय. बोटांनी वरपासून खालपर्यंत चाचपला. गुळगुळीत होता.

नवरा सोफ्यावर पेपर वाचत होता. मी हाक मारली. “अहो, हा दोरा मधे कुठं पिळलाय का बघा जरा.”

“ओळंब्याचा दोरा पिळून कसं चालंल? भिंती उभ्या करतो मी त्याच्यावर.” पण उठून आला. एक डोळा बारीक करून त्यानं वरून खाली बघितलं. “सरळ हाय की.”

“इथं वाकलाय.”

“कुठं?”

“इथं. बोट ठेवा. आणखी खाली. हां.”

त्यानं दोऱ्याला बोट लावलं. माझ्या उजव्या डोळ्याला त्याचं बोट दोऱ्यापाशी येताना दिसलं, आणि दोऱ्याला टेकल्यावर बोटाचं टोकच दिसेना. मी नजर जरा वर नेली. आता वाक वर गेला आणि त्याचं बोट पुन्हा दिसायला लागलं. नजर खाली आणली, वाक खाली आला.

त्याला माझ्या चेहऱ्यावरून कळलं असावं.

“दुसऱ्या डोळ्यानं बघ,” तो म्हणाला.

उजवा झाकून डाव्यानं बघितलं. दोरा सरळ.

तो मला हाताला धरून खिडकीशी घेऊन गेला. म्हणाला, गज बघ. प्रत्येक गज उजव्या डोळ्याला मधे वाकलेला. चौकट बघ. तीही तशीच. मग त्यानं खाली फरशीकडं बोट केलं. “ही मी स्वतः बसवलीया. सांध्यात सूतभर फरक न्हाई. कशी दिसतीया सांग.”

“मधे गोळा झाल्यागत.”

“बरं,” तो म्हणाला. एवढंच. दाराशी जाऊन त्यानं ओळंबा खाली काढला, दोरा वजनाभोवती सावकाश गुंडाळला आणि पिशवीत ठेवला. मग माझ्याकडं न बघता म्हणाला, “उद्या कामावर जात न्हाई मी. डोळ्याच्या डॉक्टरकडं जाऊ.”

मला तेव्हा भीती वाटली का? वाटली, पण आधी वेगळंच वाटलं. आठ-दहा दिवस मी ज्याचे स्क्रू पिळत होते ते सगळं जागच्या जागी होतं, या गोष्टीचं विचित्र हसू आलं. भीती संध्याकाळी आली, भाकरी थापताना. मी डावा डोळा मिटून तव्यातल्या भाकरीकडं बघितलं, तिच्या मधोमध एक राखाडी डाग होता, आणि तो डाग भाकरीवर नव्हता.

डॉक्टर बाई राजारामपुरीत बसतात. माझ्याच वयाच्या असतील. त्यांनी माझ्या हातात बारीक चौकटी छापलेला एक कागद दिला आणि एकेक डोळा झाकून बघायला सांगितलं. उजव्या डोळ्याला कागदाच्या मधल्या चौकटी चुरगळलेल्या दिसल्या. मग डोळ्यात थेंब घातले, यंत्रावर हनुवटी टेकवली, फोटो काढले. फोटो संगणकावर आणून त्यांनी मला दाखवला. नदीचा काठ असावा तशी एक जाड रेघ होती आणि मधोमध तिला खिंड पडलेली.

“हा तुमच्या डोळ्याचा मागचा पडदा. त्याच्या बरोबर मध्यावर छोटं भोक पडलंय. वयानं डोळ्यातला जेलीसारखा पदार्थ आकसतो, तो पडद्याला ओढतो, आणि कुणाकुणाचं असं होतं. तुम्ही काही केल्यामुळं झालेलं नाही हे.”

“धनुष्य ओढल्यामुळं नाही ना?”

“कसलं धनुष्य?”

मी सांगितलं. साइट, ठिपका, ओळंबा, सगळं. त्यांनी हातातलं पेन खाली ठेवून ऐकलं. मग म्हणाल्या, “दोन्ही डोळे उघडे असले की चांगला डोळा दुसऱ्याचं काम करून टाकतो. माणसाला पत्ता लागत नाही. आमच्याकडं लोक येतात तेव्हा पुष्कळदा उशीर झालेला असतो. तुम्ही एक डोळा मिटून बघता म्हणून सापडलं.”

“नेम धरता येईल का परत?”

“आधी भोक बुजवू. बहुतेकांचं बुजतं. नजर किती येते ते नंतरच कळेल. अगदी पहिल्यासारखं होईल असं मी आत्ता म्हणणार नाही.”

त्या असं स्पष्ट बोलल्या ते मला आवडलं. नवऱ्यानं फक्त एकच विचारलं, “कधी करायचं?”

ऑपरेशनचं मला फारसं आठवत नाही. भूल डोळ्यापुरतीच होती. उजेड, पाण्यात काहीतरी हलल्यासारख्या सावल्या, आणि बाई मधूनमधून “छान, हलू नका” म्हणत होत्या. आत त्यांनी गॅसचा एक बुडबुडा भरला. तो बुडबुडा वर तरंगून पडद्याला आतून दाबून धरणार, म्हणजे भोकाच्या कडा जुळून येणार. पण पडदा डोळ्याच्या मागच्या बाजूला असतो. म्हणून बुडबुडा तिथं जाऊन टेकायला हवा तर मी तोंड जमिनीकडं करून राहायला हवं. दिवसाही आणि झोपतानाही, निदान आठवडाभर.

ऑपरेशनच्या आधीच नवऱ्यानं सुताराकडून प्लायवूडची एक चौकट करून आणली होती. मधे चेहऱ्याएवढी पोकळी, कडेनं जुन्या उशीचा कापूस शिवून बसवलेला. ती टेबलाच्या कडेला अडकवायची आणि तिच्यात तोंड घालून बसायचं. “मापात हाय काय?” त्यानं विचारलं. मी म्हणाले कपाळाला जरा टोचतंय. तो चौकट घेऊन गेला आणि पॉलिश पेपरनं घासून परत आला.

त्या आठवड्यात मी माणसांचे पाय बघितले. मुलगी सुट्टी काढून आली होती. तिच्या पायाला नवी पैंजणं होती आणि ती मला एरवी दिसली नसती. ती डोळ्यात थेंब घालायची आणि नर्स पेशंटशी बोलते तसं माझ्याशी बोलायची. “मान आकडली काय? खांदे सोड. असं नाही, मी सांगते तसं.” मी तिला लहानपणी जशी रागवायचे त्याच सुरात. आत्तींना मात्र माझ्याशी असं वरून बोलायला नको वाटायचं. त्या पंचाहत्तरीच्या, गुडघ्यांनी बेजार. तरी दुपारी त्या माझ्या टेबलाखाली घोंगडं टाकून बसायच्या, म्हणजे चौकटीतून मला त्यांचं तोंड दिसायचं. लसूण सोलत गावातल्या गोष्टी सांगायच्या.

“कंटाळा आला असंल न्हवं?”

“आलाय.”

“मला बी आलाय, लसूण सोलून. पर दुसरं काय काम काढू खाली बसून?”

सर एकदा येऊन गेले. तेही पाहुण्यांच्या खुर्चीवर बसले नाहीत, सरळ फरशीवर मांडी घातली. सैन्यातल्या माणसाला बोलायला वेळ लागतो. चहा झाला, पावसापाण्याचं झालं. मग म्हणाले, “तुमची मूठ चांगली हाय, ताई. मी उगंच तिला बोल लावत बसलो.”

“तुम्हाला तरी काय दिसणार सर? मलाच दिसत नव्हतं.”

“व्हय. पर बाण फुटायला लागल्यावर माणसाला इचारायला पायजे हुतं, दिसतंय कसं म्हणून. आता नव्या पोरांना पैलं तेच इचारतो. ह्यो डोळा झाक, त्यो डोळा झाक.” थोडं थांबून म्हणाले, “धनुष्य माझ्याकडं ठेवलंय. दोरीचा ताण उतरवून ठेवलाय. घाई न्हाई.”

पालथं राहणं संपलं आणि मी मान वर केली तेव्हा उजव्या डोळ्यानं जग पाण्याखालून बघितल्यासारखं दिसत होतं. हळूहळू वरच्या बाजूनं उजेड यायला लागला. बुडबुडा आटत चालला तशी डोळ्यात एक आडवी रेघ दिसायची, तिच्या वर स्वच्छ आणि खाली धूसर. मी मान कलती केली तरी ती रेघ आडवीच राहायची, अगदी पाणसळीसारखी. मी नवऱ्याला सांगितलं तेव्हा तो इतक्या दिवसांत पहिल्यांदा मोकळा हसला. म्हणाला, “मग आता कामावर चल. माझं एक यंत्र वाचंल.” रेघ रोज थोडी खाली उतरायची. शेवटी तिचा एक वाटोळा थेंब झाला आणि एका सकाळी तोही दिसेनासा झाला.

मधल्या काळात स्पर्धा होऊन गेली. त्या कॉलेजच्या मुलीचा दुसरा नंबर आला. ती पेढे घेऊन घरी आली, मी तोंड गोड केलं. ती गेल्यावर मात्र मी मागच्या दारी जाऊन बराच वेळ कपडे वाळत घालत बसले, एरवीपेक्षा सावकाश. मला वाईट वाटलं नाही असं मी म्हणणार नाही.

भोक बुजलं. डॉक्टर बाईंनी नवा फोटो दाखवला, खिंड भरून आली होती. चौकटींचा कागद पुन्हा हातात दिला. चौकटी सरळ होत्या, अगदी मधल्या दोन-तीन अजून जराशा मुरडलेल्या. “हे आणखी काही महिने सुधारत राहील,” त्या म्हणाल्या, “पण थोडं असंच राहील बहुतेक.” धनुष्य ओढायला त्या लगेच तयार झाल्या नाहीत. किती जोर लागतो, श्वास कोंडून धरता का, दोरी तोंडाच्या किती जवळून सुटते, सगळं विचारलं. शेवटी म्हणाल्या, “पुढच्या वेळी घेऊनच या ते. मला बघू दे.”

पुढच्या वेळी मी सरांकडून धनुष्याची पेटी आणून घेऊन गेले. दारावरच्या रखवालदारानं अडवलं. “ह्यात काय हाय, मावशी? वाजवायचं काय?” उघडून दाखवल्यावर तो आत विचारून आला आणि मग आदरानं पेटी स्वतःच उचलून वर घेऊन गेला. बाईंनी दोरी न ओढता पीपमधून डोळा लावून भिंगाकडं बघितलं. भिंतीवरच्या अक्षरांच्या तक्त्यावर ठिपका धरला. मग बाजूला होऊन मला बघायला सांगितलं.

“ठिपका कसा दिसतो?”

“दिसतो. पण एका जागी राहत नाही. त्याच्याकडं रोखून बघितलं की एका बाजूनं चेपतो.”

“तेवढ्याच जागेत तुमची नजर अजून कच्ची आहे. ठिपका बरोबर तिथंच पडतो. याच्याऐवजी मोठं काही लावता येत नाही का?”

हे मला सुचलं नव्हतं, पण सरांना ठाऊक होतं. भिंगावर ठिपक्याऐवजी बारीक गोल कडं चिकटवता येतं. मग ठिपक्याला पिवळ्याच्या मध्यावर आणायचं नाही, अख्खं पिवळं कड्याच्या आत बसवायचं. कडं मोठं असल्यानं माझ्या डोळ्याच्या मधल्या कच्च्या जागेच्या बाहेरून दिसणार. आम्ही भिंगही जरा कमी जोराचं घेतलं आणि दोरीतलं पीप थोड्या मोठ्या भोकाचं बसवलं, म्हणजे उजेड जास्त येईल. बाईंची परवानगी मिळेपर्यंत उन्हाळा आला होता. हंगाम संपून कारखाना थंड पडला होता. मैदानावर आता रस्त्यापलीकडच्या पाटाचं पाणीसुद्धा ऐकू यायचं.

पहिल्या दिवशी सरांनी धनुष्याचा जोर एवढा उतरवला होता की दोरी पोरासोरांनीही ओढावी. टार्गेट अगदी जवळ, पाच-सहा पावलांवर. मी ओढली. दोरी गालाला लागली, नाकाच्या शेंड्याला लागली, आणि कड्यात पिवळं आलं. पुरतं मध्यावर नव्हतं. वाट बघितली. डोळ्याला वेळ लागत होता. मग ते हळूच मध्यावर आलं आणि मी बाण सोडला.

तो पिवळ्यात लागला. पाच-सहा पावलांवरून कुणाचाही लागतो. पण मी बाहीनं डोळे टिपले आणि सर चटकन दुसरीकडं बघायला लागले.

त्यानंतर साइट सगळी नव्यानं जुळवावी लागली. जुन्या खुणांचा काही उपयोग नव्हता, कारण भिंग बदललं, पीप बदललं आणि बघणारा डोळाही बदलला. आठवड्याला थोडं-थोडं मागं सरकत गेले. जोरही तसाच वाढवत नेला. दर अंतराला बाण मारायचे, चालत जाऊन बघायचे, परत येऊन पुन्हा मारायचे, आणि ते एका ठिकाणी आहेत अशी खात्री झाली तरच स्क्रूला हात लावायचा. तोही एकदम नाही. स्क्रू एकदा कट् वाजेल एवढाच फिरवायचा, मग परत बाण. पावसाळ्यात मैदानात चिखल व्हायचा, तेव्हा शेडखालून जवळचाच सराव. गणपती झाल्यावर तीस मीटरवर आले. दसऱ्याच्या सुमाराला पन्नासवर.

पन्नासवर पहिल्या खेपेला बाण उजवीकडं गेले. सगळे. मी दुर्बिणीतून बघितलं आणि मला इतकं हायसं वाटलं की शेजारी उभ्या एका नवशिक्या पोरीला कळेना, ही बाई पिवळं चुकवून हसतीया कशाला. पण ते एका ठिकाणी होते. पूर्वीपेक्षा जागा जास्त लागत होती त्यांना, एका तळहाताऐवजी पसरलेला पंजा म्हणा. तरी एकत्र होते. मी साइट उजवीकडं नेली. पुढचे पिवळ्यात आणि तांबड्यात बसले.

पुढच्या वर्षीच्या स्पर्धेला मी नाव दिलं. नवरा काम बंद ठेवून आला आणि दिवसभर माझ्या मागं खुर्चीत बसून दुर्बिणीतून बाण बघत राहिला. दुर्बीण त्याला नवी होती, पण भिंत बघण्याची सवय असल्यानं “जरा वर”, “पिवळ्याच्या काठाला”, “आत” असं तो बिनचूक सांगायचा. पहिली फेरी मी पार केली. दुसऱ्या फेरीत माझ्यासमोर तीच कॉलेजची मुलगी आली. तिचे बाण माझ्याहून घट्ट बसत होते. तिसऱ्या खेपेलाच मला कळलं की ही आता पुढं गेली. तरी उरलेले बाण मी घाई न करता सोडले. शेवटचा सोडून मागं वळले तेव्हा ती भाता सावरत आली आणि माझा हात हातात घेऊन म्हणाली, “काकू, ते कडं मला पण लावून बघायचंय.”

“तुला कशाला? तुझा डोळा चांगला आहे.”

“लावून तरी बघतो की,” ती म्हणाली.

घरी पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. आत्ती दारातच बसल्या होत्या.

“जिंकलीस व्हय?”

“नाही आत्ती. दुसऱ्या फेरीत बाहेर पडले.”

“दोन फेऱ्या तरी झाल्या,” त्या म्हणाल्या आणि गुडघ्यावर हात टेकून उठल्या. “हातपाय धू. आमटी गरम करतो.”